सुटलेल्या माणसाच्या हातात काठी येते तेव्हा



'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही म्हण आपण हसत हसत म्हणतो. पण तिच्यात एक कडू गोष्ट दडलेली आहे. छळ सोसणाऱ्या सुनेला आशा एवढीच असते की, आपलेही दिवस येतील. छळच थांबेल अशी आशा ही म्हण देत नाही. काठी तीच राहते, फक्त हात बदलतो. हे काही स्वयंपाकघरापुरते नाही. पुरुषांच्या जगात, शेतात, कारखान्यावर, कचेरीत हेच चालते. ज्याने शिव्या खाल्ल्या तो वर चढला की शिव्या देतो आणि वर म्हणतो, "आम्ही नाही का सोसले?"

म्हणून आज आम्ही तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवत आहोत. जो माणूस बांधलेला होता आणि सुटला, त्याच्या हाती उद्या दुसऱ्यांवरची सत्ता आली, तर त्याने तिचे काय करावे? आणि त्याची सुटका पुरी झाली असे केव्हा म्हणावे? दोर तुटला तेव्हाच, की त्यानंतर आणखी काही व्हावे लागते?

विचार करायला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या मराठवाड्याच्या मातीतच असा एक माणूस होऊन गेला.

बाजारात विकला गेलेला मुलगा

१५४८ च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. लाल समुद्राकाठचे मोखा बंदर, मग बगदाद, असा तो हातोहात विकला गेला. मीर कासिम नावाच्या एका धन्याने त्याची हुशारी ओळखून त्याला शिकवले आणि त्याचे नाव ठेवले अंबर. आईने दिलेले नाव बाजारातच राहिले.

पुढे समुद्रमार्गे तो दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीज खान याने त्याला विकत घेतले. नवल असे की, हा चंगीज खान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलामच होता. त्याच्या पदरी असलेल्या सुमारे हजार हबशी गुलामांत अंबर हा एक. तिथे तो लढाई शिकला, दरबार शिकला, हिशेब शिकला. १५७० च्या दशकाच्या मध्याला चंगीज खान वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले.

मोकळा तर झाला, पण जवळ काय होते? ना गाव, ना नातेगोते, ना जमीन. सुमारे वीस वर्षे तो शिपाईगिरी करत फिरला. विजापूरकरांकडे चाकरी केली, तिथे त्याला 'मलिक' हा किताब मिळाला. मग दीडशे घोडेस्वार घेऊन तो पुन्हा निजामशाहीत आला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा राज्य बुडाले असे सर्वांनी धरले होते. अंबरने परांड्याच्या किल्ल्यात निजामशाही घराण्यातील एका तरुणाला गादीवर बसवले आणि राज्याचा सारा कारभार आपल्या खांद्यावर घेतला. पुढची पंचवीस वर्षे, १६२६ मध्ये मरण येईपर्यंत, दिल्लीच्या फौजांना त्याने दख्खन गिळू दिली नाही. बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता की, अंबरच्या तोडलेल्या डोक्यावर आपण बाण मारत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते डोके त्याला कधी मिळाले नाही. शहाजीराजे त्याच्या बाजूने १६२४ मध्ये भातवडीला लढले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात रचलेल्या 'शिवभारत' या काव्यातही अंबरच्या पराक्रमाची नोंद आहे.

पण आम्हाला त्याच्या लढायांपेक्षा त्याच्या कारभारात अधिक रस आहे.

त्याने काय बांधले, काय सोडले

१६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. पुढे त्याचेच औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. शहरात पाणी नव्हते. अंबरने डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले. नहर-ए-अंबरी म्हणून ती आजही ओळखली जाते आणि तिचे काही भाग शतकानुशतके चालू राहिले. सिद्धेश्वरच्या कालव्यावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना पाणी आणून देणाऱ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

त्याहून मोठे काम शेतसाऱ्याचे. त्याआधी साऱ्याचा मक्ता दिला जाई. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि मग रयतेकडून हवे तेवढे ओरबाडी. अंबरने हा मक्ता मोडला. जमिनी पाहून, त्यांचा कस आणि काही हंगामांचे पीक बघून त्याने सारा ठरवला. गावच्या पाटलांचे हक्क पक्के केले. या पद्धतीचे नाव 'मलिकंबरी' असे मराठी मुलखात पुढेही चालत राहिले. जो स्वतः एकेकाळी किंमत लावून विकला गेला, त्याने रयतेला मक्तेदाराच्या मनमानीतून सोडवले. डच व्यापारी पीटर वान डेन ब्रूके त्याला १६१७ मध्ये भेटला. अंबरच्या मुलखात सुव्यवस्था आहे आणि चोर-दरोडेखोरांना कडक शासन होते, अशी नोंद त्याने केली आहे.

इथपर्यंत ऐकून कोणालाही वाटेल, वा! पण बंधुभगिनींनो, खऱ्या माणसाची गोष्ट खरीच सांगावी लागते. अंबरला ज्या बाजाराने विकले, तो बाजार त्याने बंद केला नाही. उलट तो स्वतः त्या बाजाराचा मोठा गिऱ्हाईक झाला. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी शिपाई असल्याचे लिहिले आहे. त्या हबशांपैकी कितीतरी जण चापूसारखेच लहानपणी पकडून, विकून इथे आणलेले होते. आणि ज्या सुलतानाला त्याने गादीवर बसवले, जो त्याचा जावईही होता, त्याला त्याने विष देऊन मारवले, असे त्याच डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, फादर, चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचा न्याय लावू नका. ते दख्खनेतले सैनिकी गुलाम होते. त्यांना पुढे मान मिळे, जहागिरी मिळे, धनी मेल्यावर ते मोकळे होत. हे खरे आहे. अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यातला गुलाम आणि दख्खनेतला हबशी सरदार यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. आईच्या कुशीतून मूल ओढून काढल्याशिवाय दोन्ही बाजार चालत नव्हते. आणि ती गोष्ट अंबरला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ती त्याने भोगली होती.

शेतकऱ्याचे दुःख त्याला दिसले आणि त्याने ते दूर केले. स्वतःचे जुने दुःख दुसऱ्या मुलांच्या अंगावर पडताना मात्र त्याला ते दुःख वाटले नाही, तो रिवाज वाटला. असे का व्हावे?

पळालेला माणूस पळणाऱ्यांना पकडतो

आता समुद्रापारची एक गोष्ट. अमेरिकेतील अर्कान्सास राज्यात १८३८ मध्ये बास रीव्हज नावाचा गुलाम जन्मला. 'रीव्हज' हे आडनाव त्याच्या धन्याचे. हा धनी राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य होता, म्हणजे कायदे करणारा. पुढे बास धन्याच्या मुलाच्या पदरी टेक्सासात होता. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले त्या दिवसांत तो पळाला आणि मूळनिवासी जमातींसाठी राखलेल्या मुलखात लपून राहिला. तिथल्या लोकांत राहून त्यांच्या बोली शिकला, रानवाटा शिकला. १८६५ मध्ये घटनेतील दुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली आणि तो उजळ माथ्याने वावरू लागला. शेती केली, संसार थाटला.

१८७५ मध्ये न्यायाधीश आयझॅक पार्कर त्या भागात आले. गुन्हेगार पळून त्या मुलखात लपत असत आणि त्यांना धरून आणायला माणसे हवी होती. बास रीव्हजला सरकारी मार्शलचा सहायक नेमले गेले. ही नोकरी त्याने बत्तीस वर्षे केली. तीन हजारांहून अधिक आरोपी त्याने धरून आणले असे सांगतात. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. वॉरंट तो कोणाकडून तरी वाचून घेई, पाठ करी आणि कागद दाखवायची वेळ आली की बरोबर त्याच माणसाचा कागद काढी. एकदा त्याच्यावरच खुनाचा खटला झाला. त्याने तो कोर्टात लढवला आणि निर्दोष सुटला. १९०२ मध्ये त्याच्या मुलाने स्वतःच्या बायकोला ठार केले. त्या मुलाचे वॉरंट बापानेच हाती घेतले आणि त्याला आणून कायद्याच्या स्वाधीन केले.

इथे विचाराची एक गाठ आहे, ती सोडवून पाहू. १८५० च्या कायद्याप्रमाणे पळालेल्या गुलामाला पकडून परत देणे हे सरकारचे काम होते. म्हणजे बास पळाला तेव्हा तोच फरारी होता. पंधरा वर्षांत तोच माणूस फरारींना पकडू लागला. मग तो आपल्या धन्यांच्या बाजूला गेला का?

आम्हाला तसे वाटत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची व्याख्या करताना चार गोष्टी सांगितल्या. कायदा विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची काळजी ज्याच्याकडे आहे त्याने तो केलेला असावा, आणि तो लोकांना जाहीर केलेला असावा. जो हुकूम सर्वांच्या हिताऐवजी एकाला दुसऱ्याची मालमत्ता करतो, त्याला कायद्याचा नुसता पोशाख असतो. पळणारा बास एका अन्यायापासून पळत होता. बासने पकडलेला खुनी मात्र न्यायापासून पळत होता. पायांची धाव सारखीच दिसते. पण दोघे ज्याच्यापासून पळतात, ते सारखे नाही. म्हणून ज्याला कायद्याने चिरडले त्याने कायद्याचाच द्वेष केला पाहिजे असे नाही. उलट चांगल्या कायद्याची किंमत त्याच्याइतकी कोणाला कळणार?

तरी शेवट गोड झाला नाही, हेही सांगू. १९०७ मध्ये तो मुलूख ओक्लाहोमा राज्य म्हणून संघराज्यात सामील झाला आणि नव्या विधिमंडळाने सर्वात आधी जे कायदे केले, त्यांत काळ्या-गोऱ्यांसाठी रेल्वेचे वेगळे डबे करणारा कायदा होता. बत्तीस वर्षे कायदा राखलेल्या माणसाला कायद्याने पुन्हा मागच्या डब्यात बसवले. १९१० मध्ये तो वारला.

अमेरिकेतल्या गुलामांची सुटका आपल्या महाराष्ट्रातही कोणाच्या तरी मनाला भिडली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडवले त्यांना अर्पण केले. समुद्रापारची बेडी आणि इथली बेडी एकाच लोखंडाची आहे, हे त्यांनी ओळखले होते.

स्मृती कशासाठी?

अरिस्टॉटल हा मोठा तत्त्वज्ञ, पण काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे त्याने लिहून ठेवले. संत ऑगस्टीन यांनी वेगळे सांगितले. देवाने माणसाला माणसाचा धनी म्हणून निर्माण केले नाही. दास्य हे निसर्गातून नव्हे तर पापातून आले. पाप म्हणजे इथे काय? एकाने दुसऱ्याकडे पाहावे आणि त्याला माणूस न दिसता उपयोग दिसावा. हे पाप फक्त धन्याला लागते असे नाही. गुलामालाही ते लागते, कारण तो जगाकडे पाहायला धन्याकडूनच शिकतो. वर कसे बसायचे याचा एकच नमुना त्याने पाहिलेला असतो. म्हणून हाताची बेडी तुटते तेव्हा डोळ्यांतली बेडी तशीच राहू शकते. अंबरच्या बाबतीत आम्हाला हेच दिसते.

पवित्र शास्त्राला हा धोका माहीत आहे. इस्राएल लोक मिसरातून सुटले, समुद्र पार केला आणि लगेच कनान देशात पोचले, असे झाले नाही. मध्ये सिनाय पर्वत लागला. सुटलेल्या गुलामांना देवाने आधी नियम दिले, मग भूमी दिली. आणि त्या नियमांना कारण काय जोडले? परक्याला छळू नका, विधवेचे वस्त्र गहाण घेऊ नका, मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, पळून आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नका. आणि पुन्हा पुन्हा हीच आठवण : तुम्ही स्वतः मिसरात दास होता. म्हणजे सोसलेल्या दुःखाची आठवण दोन कामांना येते. एक, "आम्ही सोसले, तुम्हीही सोसा." दुसरे, "आम्ही सोसले, म्हणून तुम्हाला सोसावे लागू नये." आठवण एकच, पण पहिलीतून सासू घडते आणि दुसरीतून नियमशास्त्र.

इस्राएल लोकही यात नेहमी उतरले नाहीत. यिर्मयाच्या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे की, यरुशलेमला वेढा पडला तेव्हा सिद्कीया राजाच्या सांगण्यावरून लोकांनी आपल्या इब्री दासांना मोकळे केले आणि संकट टळतेसे दिसताच पुन्हा धरून आणले. देवाचा क्रोध त्यावर किती भडकला, ते तुम्ही घरी वाचून पाहा.

आपल्या ख्रिस्तसभेची वहीही कोरी नाही. १४५२ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना दास करण्याची मुभा दिली. गोव्याच्या बाजारात माणसे विकली जात होती. बास रीव्हज जन्मला त्याच १८३८ साली अमेरिकेतील मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २७२ गुलाम विकले. त्या पैशांतून एक महाविद्यालय कर्जातून वर आले. दुसऱ्याच वर्षी पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेनेगलच्या गोरे बेटावर, जिथून गुलामांची जहाजे सुटत, उभे राहून क्षमा मागितली.

पण याच ख्रिस्तसभेच्या पहिल्या शतकांत एक पोप असे होऊन गेले, जे स्वतः गुलाम होते. संत कॅलिस्तस. त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते ते बहुतेक त्यांचे विरोधक हिप्पोलितस यांच्या लेखणीतून, त्यामुळे त्यात स्तुतीचा भाग नाही. धन्याचे पैसे बुडाले म्हणून कॅलिस्तस पळाले, पकडले गेले, जात्याला जुंपले गेले, पुढे सार्डिनियाच्या खाणीत पाठवले गेले. तिथून सुटले. रोमच्या दफनभूमीची देखरेख त्यांच्याकडे आली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. २१७ च्या सुमारास ते पोप झाले. आणि विरोधकांची तक्रार काय होती? हा माणूस फार क्षमा करतो. आणखी एक : कुलीन स्त्रीने दासाशी केलेला विवाह रोमचा कायदा मानत नाही, तरी हा मानतो.

बंधुभगिनींनो, या तक्रारीकडे नीट पाहा. ज्याचे माणूसपण कायद्याने मानले नाही, त्याच्या हाती अधिकार आला, तेव्हा त्याने त्या अधिकाराने दुसऱ्या दासाला नवरा म्हणून, माणूस म्हणून मान्यता दिली. येत्या १४ ऑक्टोबरला त्यांचा सण आहे. सुटका पुरी होणे म्हणजे काय, हे आम्हाला तिथे दिसते.

आपल्या टोळीत

आता घरचे बोलू. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. हंगामात ती फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर, आणि पुढचे वर्ष त्या बाकीला बांधलेले. आपल्या देशाच्या घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची कर्जेही रद्द ठरवली. तरीही बाकी राहिली म्हणून मुलाला ठेवून घेणे, बाईला फडातून जाऊ न देणे, पळालेल्याला गाडीत घालून आणणे, या गोष्टी कोणालाच नव्या नाहीत.

आणि मुकादम कोण असतो? बहुतेक वेळा कालचा कोयता. ज्याच्या आईने उसाच्या फडात त्याला जन्म दिला, तोच. म्हणूनच आम्ही हा विषय घेतला.

मुकादमाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, "फादर, कारखान्याचे पैसे माझ्या नावावर आहेत. एखादा दोन मुकादमांकडून उचल घेतो आणि दोघांनाही फसवतो. माझे घर गहाण पडले तर कोण येणार?" हे बोलणे खोटे नाही. घेतलेले पैसे परत करणे हे कर्तव्यच आहे आणि फसवणूक हे पापच आहे, गरिबाने केले तरी. पण कर्ज माणसावर असते, माणूस कर्जाचा माल होत नाही. पैसे बुडवले तर पंचायत आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे. तिथे उशीर होतो, हे आम्हाला माहीत आहे. तरी कायद्याने मागणे आणि माणूसच अडकवून ठेवणे यांत तेच अंतर आहे, जे बास रीव्हजच्या वॉरंटात आणि त्याच्या धन्याच्या दोरात होते.

हे एकट्या मुकादमाला सांगायचे आहे असे समजू नका. सिद्धेश्वरच्या पाटावर पाणी सोडणारा पाटकरी असेल, आधी कोणाचे शेत भिजेल आणि टेलचे कोणाचे कोरडे राहील हे त्याच्या हाताच्या एका वळणावर ठरते. बचत गटाची अध्यक्ष असेल, होस्टेलची वॉर्डन असेल, पोलिसात लागलेला आपला मुलगा असेल, घरात सून आणलेली आई असेल. आणि धर्मगुरू म्हणून वेदीमागे उभे राहणारे आम्हीही त्यातच आहोत. ज्याच्या हाती दुसऱ्याचा दिवस बिघडवण्याची किंवा सुधारण्याची ताकद आहे, त्या प्रत्येकाने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. आज ज्यांच्याविषयी सांगितले, त्यांच्याकडूनच ते घेतले आहेत.

पहिला प्रश्न नावाचा. चापूचे नाव बाजाराने काढून घेतले, बासला धन्याचे आडनाव लागले. माझ्या हाताखालच्या माणसांची नावे मला माहीत आहेत का, की मी नुसते कोयते मोजतो?

दुसरा प्रश्न घराचा. बास रीव्हजने मुलाचे वॉरंट बाजूला ठेवले नाही. जो नियम मी परक्याला लावतो, तो माझ्या लेकराला, भावकीला, माझ्या चर्चमधल्या माणसाला लावतो का?

तिसरा प्रश्न दाराचा, आणि हाच सर्वात कठीण. अंबर इथेच अडला. ज्या दारातून मी बाहेर आलो, ते माझ्या मागच्यांसाठी उघडे ठेवले, की बाहेर पडल्यावर मीच त्याला कडी लावली? मी शिकलो, तर फडावरच्या दुसऱ्या मुलाच्या शाळेची मला काळजी आहे का? माझी उचल फिटली, तर उरलेल्यांचा हिशेब मी त्यांना वाचून दाखवतो का, की ते अडाणी राहिले हेच मला सोयीचे आहे?

संत पौलाने फिलेमोनाला एक छोटेसे पत्र लिहिले. फिलेमोनाचा दास अनेसिम पळून पौलाकडे आला होता. पौलाने त्याला परत पाठवले, पण त्याला दास म्हणून नव्हे तर प्रिय भाऊ म्हणून स्वीकार, असे सांगून. आणि त्याच्याकडे काही येणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, असेही लिहिले. पौलाने येणे नाकारले नाही, ते स्वतःच्या अंगावर घेतले. म्हणजे त्याने कर्जाचा हिशेब एका बाजूला ठेवला आणि भाऊपण दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची गल्लत होऊ दिली नाही. ते पत्र एका पानाचे आहे. टोळ्या निघण्याआधी ज्यांच्या घरी मुकादम आहे आणि ज्यांच्या घरी कोयता आहे, त्या दोघांनीही ते एकदा वाचावे. जमले तर एकाच अंगणात बसून वाचावे, आणि मग उचलीची वही दोघांसमोर उघडून, किती घेतले आणि किती फिटले, ते मोठ्याने वाचून दाखवावे.

आपला,
धर्मगुरू